ख्रिस्ती धर्मात सुंता का नाही? दोन हजार वर्षांपूर्वीचा एक निर्णय आणि आजचे आपले ऑपरेशन



काही प्रश्न रुग्ण मोठ्याने विचारत नाहीत. सोबतचा माणूस बाहेर गेला, दार लोटले, की मग हळूच विचारतात. असाच एक प्रश्न मंठ्यासारख्या गावात प्रॅक्टिस करताना वरचेवर कानावर येतो. लघवीच्या जागेची पुढची कातडी मागे सरकत नाही, जखमा होतात, सर्जन म्हणतात की ती कातडी काढावी लागेल. लगेच पुढचा प्रश्न येतो, "डॉक्टर, म्हणजे ते मुसलमानांसारखं? आमच्यात चालत नाही हो." हिंदू रुग्ण हे विचारतात, बौद्ध विचारतात आणि ख्रिस्तीही विचारतात. ख्रिस्ती रुग्णाची अडचण जरा वेगळी असते. बायबलमध्ये सुंतेचा उल्लेख पानोपानी येतो, येशूचीही सुंता झाली होती, आणि तरीही चर्चमध्ये ती कोणी करत नाही. मग खरे काय? करायची की नाही? केली तर पाप लागते का?

या भीतीपायी लोक ऑपरेशन वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. दुखणे वाढते, कधी लघवी अडते. म्हणून हा इतिहास आज सविस्तर सांगतो. तो समजला, तर ख्रिस्ती नसलेल्या वाचकांचीही भीती कमी होईल.

सुंता म्हणजे नेमके काय?

शिश्नाच्या टोकावर कातडीची एक सैल टोपी असते. ती पूर्ण किंवा थोडी कापून काढणे म्हणजे सुंता. आपल्याकडे तिला खतना असेही म्हणतात. 'सुंता' हा शब्द अरबी 'सुन्नत'वरून मराठीत आला. गंमत अशी, की मराठी बायबलमध्येही हाच शब्द आहे. अब्राहामाची सुंता, इसहाकाची सुंता, असे मराठीत वाचले की आपल्या डोळ्यांसमोर आपोआप मुस्लिम समाज उभा राहतो. प्रत्यक्षात ही प्रथा इस्लामपेक्षा कितीतरी जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये सक्कारा येथील एका थडग्याच्या भिंतीवर हे ऑपरेशन कोरलेले आहे आणि ते चार हजार वर्षांहून जुने आहे.

आठव्या दिवसाचा करार

बायबलच्या 'उत्पत्ति' या पहिल्या पुस्तकातील सतराव्या अध्यायात देव अब्राहामाशी करार करतो. त्या कराराची खूण म्हणून घरातल्या प्रत्येक पुरुषाची सुंता करायची आणि पुढे जन्मणाऱ्या मुलाची आठव्या दिवशी. म्हणजे ज्यू धर्मात सुंता हा आरोग्याचा उपाय नव्हता. तू कोणाचा, हे सांगणारी ती अंगावरची खूण होती.

व्हॉट्सॲपवर एक मजकूर फिरतो, की आठव्या दिवशी बाळाच्या रक्तातील गोठण्याचे घटक सर्वांत जास्त असतात, म्हणून देवाने आठवा दिवस निवडला. हे खरे नाही. प्रोथ्रोम्बिनसारखे घटक हळूहळू वाढत जाऊन मोठ्या माणसाच्या पातळीला पोहोचायला काही महिने लागतात. आठव्या दिवसाचा अर्थ धार्मिक आहे, तो तसाच राहू द्यावा.

मात्र ज्यू धर्मपंडितांची एक गोष्ट डॉक्टर म्हणून मला फार महत्त्वाची वाटते. एखाद्या आईची दोन मुले सुंतेनंतर दगावली असतील तर तिसऱ्याची करू नये, अशी सूट तालमूद या ग्रंथात नोंदली आहे. हिमोफिलिया हे नाव तेव्हा जन्माला यायचे होते. पण रक्त न थांबण्याचा दोष घराण्यात चालतो आणि जिवापुढे विधी थांबवावा, हे त्या लोकांनी ओळखले होते.

आपल्या कोकणातले उदाहरण

यासाठी इस्राएलपर्यंत जायची गरज नाही. अलिबाग, पेण, रोहा या भागात बेने इस्राएल हे मराठी बोलणारे ज्यू पिढ्यान् पिढ्या राहिले. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. जगातल्या इतर ज्यूंपासून ते शेकडो वर्षे तुटलेले होते. हिब्रू जवळपास विसरले, ग्रंथ जवळ नव्हते. तरी शनिवारची सुट्टी, शमा ही प्रार्थना, खाण्याचे काही नियम आणि आठव्या दिवसाची सुंता या गोष्टी त्यांनी सोडल्या नाहीत. १७९६ मध्ये मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग उभे राहिले. नऊवारी नेसणारी आई, घरात मराठी आणि मुलाची आठव्या दिवशी सुंता, असे हे घर. अंगावरची एक खूण एखाद्या समाजाला किती काळ धरून ठेवू शकते, ते इथे दिसते.

मग ख्रिस्ती लोकांनी ती का सोडली?

येशू ज्यू घरात जन्मला. लूकच्या शुभवर्तमानात आठव्या दिवशी त्याची सुंता झाल्याचे आणि येशू हे नाव ठेवल्याचे सांगितले आहे. त्याचे पहिले शिष्यही ज्यूच होते, त्यामुळे त्यांच्यात हा प्रश्नच नव्हता. येशूनंतर ग्रीक, रोमन, सीरियन लोक या पंथात येऊ लागले, तेव्हा तो उभा राहिला. अंत्युखिया शहरात काही जण येऊन सांगू लागले, की सुंता केल्याशिवाय तुमचे तारण नाही. पौल आणि बर्णबा यांनी कडाडून विरोध केला. वाद यरुशलेमला गेला.

इ.स. ४९-५०च्या सुमारास तिथे सभा भरली. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात तिचा वृत्तान्त आहे. पेत्र बोलला, पौल आणि बर्णबाने आपले अनुभव सांगितले आणि शेवटी याकोबाने निवाडा दिला. बाहेरून येणाऱ्यांवर सुंतेचे ओझे लादायचे नाही. मूर्तीला वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेल्या प्राण्याचे मांस आणि व्यभिचार एवढे त्यांनी टाळावे, म्हणजे पुरे.

आज ही गोष्ट साधी वाटते. तेव्हा ती साधी नव्हती. ज्या खुणेसाठी ज्यूंनी प्राण दिले होते, ती खूण नसलेला माणूसही तितकाच देवाचा, असे ज्यूच म्हणत होते. दुसरी बाजूही लक्षात घ्या. भूल देण्याची सोय एकोणिसाव्या शतकातली. जंतूंची कल्पना नव्हती. त्या काळी तीस-चाळीस वर्षांच्या पुरुषाला हे ऑपरेशन सांगणे म्हणजे काय, याची कल्पना तुम्हीच करा.

पौलाचे दोन साथीदार

पौलाचे वागणे वरवर पाहता विसंगत वाटते. तीत नावाच्या ग्रीक साथीदाराची सुंता करावी असा आग्रह झाला, तेव्हा पौलाने साफ नकार दिला. पण तीमथ्य या दुसऱ्या साथीदाराची सुंता त्याने स्वतः करवली. तीमथ्याची आई ज्यू होती आणि त्याला ज्यू वस्त्यांत काम करायचे होते. तारणासाठी आवश्यक म्हणून मागत असाल तर नाही, आणि केवळ व्यवहाराची सोय म्हणून असेल तर हरकत नाही, असा हा सरळ हिशेब होता.

याच्या उलट टोकाचाही एक प्रकार तेव्हा चालू होता. ग्रीक व्यायामशाळांत आणि स्नानगृहांत पुरुष उघडे असत आणि सुंता झालेल्यांची थट्टा होई. म्हणून काही जण कातडी ओढून पुन्हा पुढे आणण्याचे ऑपरेशन करून घेत. पहिल्या शतकातील रोमन लेखक सेल्सस याने आपल्या वैद्यकाच्या ग्रंथात ते वर्णिले आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला यावरही सांगितले, की झाली असेल तर लपवू नका आणि नसेल तर करवून घेऊ नका. त्याच्या मते खरी सुंता हृदयाची, म्हणजे मन बदलण्याची. कलस्सैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात त्याने तिचा संबंध बाप्तिस्म्याशी जोडला. अशा रीतीने ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा विधी पाण्याचा झाला. पाणी अंगावर खूण ठेवत नाही, आणि तो विधी स्त्री-पुरुष दोघांना सारखाच आहे.

एक जानेवारीचा विसरलेला सण

सुंता थांबली तरी तिची आठवण थांबली नाही. पंचवीस डिसेंबरपासून मोजा, आठवा दिवस येतो एक जानेवारी. म्हणून कित्येक शतके एक जानेवारी हा चर्चमध्ये प्रभूच्या सुंतेचा सण होता. इंग्लंडच्या चर्चच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात तो याच नावाने आहे. कॅथलिक पंचांगात १९६९च्या फेररचनेनंतर हा दिवस येशूची आई मरिया हिच्या नावाने साजरा होतो. येशूच्या नामकरणाचा हा दिवस येशूसंघी म्हणजे जेझुइट पाद्री विशेष मानत, कारण त्यांच्या संघाचे नावच येशूच्या नावावर आहे. जुन्या गोव्यातले बॉम जेझूस हे प्रसिद्ध चर्च त्यांचेच. म्हणजे आपण ज्या दिवशी एकमेकांना नववर्षाच्या शुभेच्छा देतो, तो दिवस शतकानुशतके एका ज्यू बाळाच्या सुंतेचाही स्मरणदिन होता.

खूण गुन्हा ठरते तेव्हा

पुढे चर्चच्या हाती सत्ता आली आणि पौलाची सवलत नियमात गोठली. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मपरिषदेत इजिप्तच्या कॉप्टिक चर्चशी एकोप्याचा जाहीरनामा काढताना कॅथलिक चर्चने बाप्तिस्म्याच्या आधी किंवा नंतर सुंता करण्यावर बंदी घातली. ऐच्छिक गोष्ट निषिद्ध झाली.

याची झळ आपल्या किनाऱ्यालाही लागली. पोर्तुगालमध्ये ज्यूंना जबरदस्तीने ख्रिस्ती करण्यात आले होते. त्यांना 'नवे ख्रिस्ती' म्हणत. त्यातले काही गोव्यात आले. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, सुरू झाले. अशा न्यायालयांत सुंता हा छुपा ज्यू किंवा मुसलमान असल्याचा पुरावा धरला जाई. शनिवारी स्वच्छ कपडे घालणेदेखील संशयाला पुरे होई.

त्या काळातला एक डॉक्टर आपण सर्वांनी ओळखावा असा आहे. गार्सिया द ओर्ता. तो पोर्तुगीज राजवैद्य होता आणि नव्या ख्रिस्ती घराण्यातला होता. मुंबई बेट काही काळ त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. भारतातील औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. कॉलऱ्याचे त्याने केलेले वर्णन आजही वैद्यकाच्या इतिहासात सांगितले जाते. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला छुपी ज्यू ठरवून गोव्यात जाळण्यात आले. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडे कबरीतून उकरून जाळली. एकेकाळी ज्या धर्माने अंगावरच्या खुणेवरून माणूस ओळखायचे नाकारले, त्याच धर्माच्या नावाने पुढे खुणा शोधून माणसे जाळली गेली. हे न्यायालय १८१२ मध्ये कायमचे बंद झाले.

जालन्याजवळचे बेथेल

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. इथली प्रोटेस्टंट ख्रिस्ती परंपरा नारायण शेषाद्री यांच्यापासून सुरू झाली. हे ब्राह्मण तरुण मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत लहान होता. तोही मिशनऱ्यांकडे राहिला, तिथे जेवला. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिले. मग प्रश्न आला, की त्याला जातीत घ्यायचे कसे? प्रायश्चित्त देऊन घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले, तर सनातनी मंडळींनी मोठा वाद घातला. त्या मुलाच्या अंगावर कसलीही खूण नव्हती. त्याने फक्त अन्न खाल्ले होते. तरी तो आतला की बाहेरचा, यावरून शहर पेटले.

पुढे नारायण शेषाद्रींनी निजामाच्या राज्यात, जालन्याजवळ, बेथेल ही वसाहत वसवली. दिवाण सालारजंग यांच्या काळात तिच्यासाठी जमीन मिळाली. महार आणि मांग समाजातली अनेक कुटुंबे तिथे ख्रिस्ती झाली. बेथेल हे नाव बायबलमधले आहे आणि त्याचा अर्थ देवाचे घर. अब्राहामाचा नातू याकोब याच्या कथेत ते येते. नाव अब्राहामाच्या घराण्यातले, पण अब्राहामाची खूण इथे कोणाकडे मागितली गेली नाही. निजामी मुलखात शेजारी मुस्लिम कुटुंबांत खतना होत होती, हिंदू घरांत मुंज आणि बारसे होत होते आणि बेथेलमध्ये पाण्याचा बाप्तिस्मा. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती घरांत सुंता का नाही, याचे उत्तर यरुशलेमच्या त्या सभेत आहे.

सगळेच ख्रिस्ती असे नाहीत

इथिओपियाच्या प्राचीन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये मुलाची सुंता आठव्या दिवशी करण्याची चाल आहे. इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांतही ती सर्रास होते. फिलिपिन्स हा बहुसंख्य कॅथलिक देश, पण तिथे वयात येणाऱ्या मुलांची 'तुली' नावाने सुंता होते आणि न केलेल्या मुलाला मित्र चिडवतात. अमेरिकेत तर कारण धार्मिक नव्हतेच. १८७० मध्ये लुईस सेयर या न्यूयॉर्कच्या सर्जनने सुंतेने एका मुलाचा लुळेपणा बरा झाल्याचा दावा केला. तो दावा टिकला नाही, पण प्रथा टिकली. विसाव्या शतकाच्या मध्यात तिथल्या बहुतेक नवजात मुलांची सुंता हॉस्पिटलमध्येच होत असे. एकाच धर्मात कुठे बंदी, कुठे चाल आणि कुठे डॉक्टरांची फॅशन, असे हे चित्र आहे.

मुलींच्या बाबतीत मात्र स्पष्ट सांगतो. काही देशांत मुलींचे अवयव कापतात आणि त्यालाही सुंता म्हणतात. बायबलमध्ये त्याला कोठेही आधार नाही. वैद्यकीयदृष्ट्या त्याचा एकही फायदा नाही, फक्त इजा आहे.

आता आपल्या दवाखान्यातले

कातडी घट्ट होण्याच्या आजाराला फायमोसिस म्हणतात. हा आजार कोणत्याही धर्माचा नाही. सुश्रुतसंहितेत त्याला 'निरुद्धप्रकश' हे नाव आहे. तूप लावलेली नळी घालून आणि दर तीन दिवसांनी ती जाड करत नेऊन तोंड मोठे करण्याचा उपचारही तिथे दिला आहे. या मुद्द्यांची नोंद ठेवा:

१. लहान मुलांची कातडी जन्मतः चिकटलेली असते. ते नैसर्गिक आहे. आंघोळीच्या वेळी जोराने मागे ओढू नका. वय वाढते तशी ती बहुतेक मुलांत आपोआप सुटते.

२. लघवी करताना कातडी फुग्यासारखी फुगणे, वारंवार सूज किंवा पू, पांढरा कडक चट्टा, लघवीची धार बारीक होणे असे काही असेल तर दाखवा. काही रुग्णांना सर्जनच्या सल्ल्याने काही आठवडे लावायच्या मलमाने बरे वाटते. दुकानातून मनाने मलम आणू नका.

३. चाळिशीनंतर कातडी नव्याने घट्ट होऊन चिरा पडू लागल्या, तर आधी रक्तातील साखर तपासा. मधुमेह पहिल्यांदा असा सापडलेले रुग्ण कमी नाहीत.

४. मागे ओढलेली कातडी पुढे येत नसेल आणि टोक सुजले असेल तर ती तातडीची वेळ आहे. सकाळची वाट पाहू नका.

५. बाळाचे लघवीचे छिद्र टोकाला नसून खालच्या बाजूला असेल तर सुंता करू नका, मग समाज कोणताही असो. ते छिद्र दुरुस्त करताना हीच कातडी सर्जनला लागू शकते.

६. घरात रक्त न थांबण्याचा आजार असेल तर ते आधी सांगा. तालमूदच्या पंडितांना जे कळले, ते आपण विसरू नये.

७. आफ्रिकेतील तीन मोठ्या अभ्यासांत सुंतेमुळे पुरुषांना स्त्रीकडून होणाऱ्या एचआयव्हीचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. म्हणून २००७ पासून जागतिक आरोग्य संघटना जास्त प्रादुर्भावाच्या प्रदेशांत तिची शिफारस करते. पण ती कंडोमची जागा घेत नाही.

आणि करायचीच तर धार्मिक कारण असो वा वैद्यकीय, ती प्रशिक्षित सर्जनकडून, भूल देऊन आणि निर्जंतुक हत्यारांनीच करा.

थोडक्यात

ज्यांच्या धर्मात सुंता आहे, त्यांच्यासाठी ती श्रद्धा आहे आणि तिचा मान राखावा. ख्रिस्ती वाचकांना सांगायचे, तर तुमच्या धर्माने ती तारणाची अट मानलेली नाही. म्हणून करण्याची सक्ती नाही, आणि आजारासाठी केली तर तुमच्या श्रद्धेला धक्काही लागत नाही. मनात शंका असेल तर आपल्या पाळकांशी किंवा फादरांशी बोला, ते हेच सांगतील. हिंदू आणि बौद्ध वाचकांनीही हे ऐकावे. आजारासाठी कापलेल्या कातडीने धर्म बदलत नाही, जसा अपेंडिक्स काढल्याने बदलत नाही. सर्जनच्या चिठ्ठीवर धर्माचे नाव नसते, आजाराचे असते. ती चिठ्ठी घडी घालून कपाटात ठेवू नका.